जय भीम झालं, आता नाव सांग

नांदेडच्या भांडीबाजारात कळशी घ्या, ताट घ्या, नाहीतर लेकीच्या लग्नाचा अख्खा रुखवत घ्या, दुकानदार हटकून विचारणार, "नाव टाकायचं का?" टाकायचं म्हटलं की तो बाहेरच्या फळीकडे हात करतो. त्या फळीवर मांडी घालून, मांडीवर फडकं अंथरून, हातात नाव टाकायची मशीन धरून आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून जो काटकुळा माणूस बसलेला असतो, तो भीमा सोनकांबळे. मशीन घर्रर्र करत ताटाच्या कडेवरून फिरते आणि मामा, आत्या, मित्रमंडळ, सगळे जन्मभरासाठी स्टीलवर जाऊन बसतात. नाव टाकताना भीमा ते स्वतःशी पुटपुटतो. एक अक्षर सुईखाली, एक अक्षर ओठांवर. असं पुटपुटत त्यानं आजवर किती वऱ्हाडांची नावं घेतली असतील! आणि स्वतःचं नाव विचारा त्याला. दातखीळ बसते.

तोतरा होता हो. तसं सगळ्याला अडायचा नाही. ‘उद्या या’, ‘वेलांटी पहिली का दुसरी’, ‘पाणी देता का जरा’, हे धकून जायचं. पण ‘भ’ आला की ओठ मिटायचे ते मिटायचेच. मान ताणायची, डोळे गच्च व्हायचे, गळ्याची शीर टरारायची. समोरचा एक तर हसणार, नाहीतर उपकार केल्यासारखा स्वतःच सुरू होणार, "भास्कर? भानुदास? भगवान?" अरे, त्याचं नाव त्याला ठाऊक आहे ना! जरा दम धरला तर काय आभाळ कोसळतंय का? पण दम धरायला वेळ कुणाला आहे!

मग भीमानं पळवाट काढली. दुकानात पहिल्या दिवशी मालकानं नाव विचारलं, तेव्हा तोंडात आलं ते बोलून गेला, ‘वैजनाथ’. ‘व’ला अडत नव्हतं. त्या दिवसापासून बाजारात तो वैजनाथभाऊ. न्हाव्याकडं तो नाना. मुलगी बघायला अहमदपूरकडं गेला होता, तिथं पाहुण्यांनी नाव विचारलं, तर यानं ‘आनंदराज’ सांगून टाकलं. चहा यायच्या आत याचाच मामा कौतुकानं म्हणाला, "आमचा भीमा लई कामाचा हाय." पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. भीमा कोण? मग हा आनंदराज कोण? ज्याचं नावच खरं नाही त्याचं बाकीचं काय खरं असणार, असं म्हणून मुलीकडचे उठले. त्यानंतर भीमा कुणाच्या दारात मुलगी बघायला म्हणून गेला नाही.

घरी तो आणि त्याची माय, पार्वतीबाई. दोघांच्या घरात भांडी मात्र दहा घरांची. नाव चुकलं, काना राहिला, नाहीतर सोयरीकच मोडली, की गिऱ्हाईक ते भांडं घेत नाही. मालक म्हणतो, वैजनाथ, तूच ने. म्हणून माय जेवायची ती कुण्या अयोध्येच्या ताटात, पाणी प्यायची ती कुण्या बजरंगाच्या तांब्यानं. भीमा रोज जो डबा न्यायचा त्यावर लिहिलेलं होतं ‘चि. बसवंत यास आत्याकडून सप्रेम’. या घरात भीमाचं नाव असलेलं भांडं एकही नव्हतं. मायला वाचता येत नव्हतं, त्यामुळं तिला त्याचं काही वाटायचं नाही.

नाव तिनंच ठेवलेलं. बापाच्या मनात दुसरं होतं, पण ती बाळंतिणीच्या बाजेवरूनच म्हणाली होती, "भीमा. दुसरं काही चालायचं न्हाई." आणि ते नाव आपल्याला घेता येत नाही, आपण ते बाजारात सोडून दिलंय, हे भीमाला आतून कुरतडायचं. मायला हे कळू नये म्हणून त्यानं तिला कधी भांडीबाजाराकडं फिरकू दिलं नव्हतं. तिचा एक डोळा काचबिंदूनं कधीच गेला होता, दुसऱ्यावर मोतीबिंदू चढत होता. तिला तो आवाजावरूनच कळायचा. संध्याकाळी जरा उशीर झाला की ती भिंतीला धरून गल्लीत यायची. एकदा अशीच आली आणि उघड्या नालीत पडली. तेव्हापासून भीमाचं काळीज दिवस कलला की फळीवर ठरत नसे.

तर या मायचा दुसरा डोळा लातूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात करून घेतला. ऑपरेशन नीट झालं. सकाळी सुट्टी दिली, डोळ्याला भली मोठी पांढरी पट्टी, आणि पट्टी उद्या घरीच काढायची म्हणून सांगितलं. म्हणजे आजचा दिवस माय पुरती आंधळी. दवाखान्याच्या दुकानात गोळ्या होत्या, डोळ्यात टाकायचे थेंब नव्हते. भीमानं मायला दारापुढच्या ओट्यावर बसवलं, दोघांची कार्डं आणि दवाखान्याचे कागद असलेली कापडी पिशवी तिच्या मांडीवर दिली आणि म्हणाला, "हितून हलू नको. चौकातल्या मेडिकलवरून थेंब घेतो. आलोच."

"लवकर ये रे. हितं गाड्या लई आवाज करायल्यात," माय म्हणाली.

"आलोच की." हा ‘आलोच’ शब्द पुढं त्याला दिवसभर टोचत राहिला.

थेंब मिळाले. बिल आणि बाटली खिशात घालून तो निघाला, तर चौकात घागर मोर्चा. नळाला पाणी येत नाही म्हणून बायका-माणसं रिकाम्या घागरी बडवत रस्त्यात बसलेली. मागून कुणीतरी हलकटानं दगड भिरकावला, पोलिसांच्या गाडीची काच फुटली आणि धरपकड सुरू झाली. भीमा आपला कडेकडेनं सटकत होता. तेवढ्यात एक स्टीलची कळशी घरंगळत त्याच्या पायाशी आली. दुसरा कुणी असता तर ओलांडून गेला असता. यानं उचलली! नुसती उचलली नाही, सवयीनं फिरवून नाव वाचलं, ‘सौ. राजकन्या हिस बाबाकडून’. ‘बाबांकडून’मधला अनुस्वार खाल्लेला. कुणी टाकलं असेल असं फाटकं नाव, असा विचार करतोय तोवर गाडीत चढवलेल्या एका बाईनं हात लांब केला, "ओ भाऊ, माझी हाय ती!" कळशी द्यायला भीमा चार पावलं पुढं झाला, आणि मागून शिपायाचा हात दंडाला पडला. "चला, वर चढा!"

"म... म... मा..." भीमा म्हणाला. घाबरला की त्याला ‘म’सुद्धा अडायचा. शिपायाला काय, ज्याच्या हातात कळशी तो मोर्चातला.

ठाण्यात सगळ्यांचे मोबाइल टेबलावर गोळा केले आणि बाकांवर बसवलं. फौजदार बिराजदार माणूस वाईट नव्हता, पण सकाळपासून उन्हात उभा राहून त्याचं डोकं तापलेलं. तो म्हणाला, "हे बघा, मला तुमची हौस न्हाई. एकेकानं यायचं, नाव-गाव सांगायचं, सही करायची, घरी जायचं." आणि खरंच तसंच सुरू झालं. नाव सांगितलं की माणूस सुटत होता. धडाधड सुटत होता. भीमा बघत होता, माणसं आपापलं नाव असं सहज तोंडातून काढत होती, काही कष्ट नाही, घाम नाही, आणि दाराबाहेर उन्हात निघून जात होती. त्याला प्रत्येकाचा हेवा वाटला. पाय एका जागी ठरेनात. माय आता उठली असेल. ओट्याला दोन पायऱ्या आहेत, हे आपण तिला सांगितलं का? सांगितलं नाही. पायऱ्यांपुढं लगेच रस्ता, रस्त्यावर ट्रक.

जागा पुढं पुढं सरकत त्याची पाळी आली.

"नाव?"

घाई, दुसरं काय! घाईत त्याच्या जिभेनं जन्माची खोड दाखवली. "आनंदराज सोनकांबळे," तो सपकन बोलून गेला.

"गाव?"

"नांदेड."

बिराजदारनं मान वर केली. "नांदेडहून लातूरच्या पाण्यासाठी आलास? तुमच्याकडं तर गोदावरी हाय की." सही करायला थांबलेली राजकन्या, म्हणजे ती कळशीवाली बाई, मदतीला धावली, "साहेब, ह्यो आमच्यातला न्हाईच. आमी वळखत बी न्हाई ह्येला." बिचारीनं चांगल्या मनानं सांगितलं, आणि घात झाला. मोर्चातला नाही, गावचा नाही, मग हा आला कुठून? दगड मारायला कुणी आणला? राजकन्या सही करून, कळशी कमरेवर घेऊन मागं बघत बघत गेली.

तेवढ्यात टेबलावरच्या ढिगातला भीमाचा मोबाइल वाजला. शिपायानं उचलून स्पीकरवर टाकला. "ओ वैजनाथभाऊ, आमच्या ताटाचं काय झालं? हळद तोंडावर आली, आन तुमी हाव कुठं?"

बिराजदारनं मोबाइल बंद केला आणि म्हणाला, "वैजनाथ कोण?"

भीमानं छातीला हात लावला.

"मग आनंदराज कोण?"

भीमानं पुन्हा छातीला हात लावला. शिपायानं त्याच्या पाठीवरची पिशवी उपडी केली. आतून मशीन निघाली, ती तो गावाला जातानाही मागं ठेवत नसे. तिची टोकदार सुई बघून शिपाई म्हणाला, "साहेब, ड्रिल हाय वाटतं." आणि निघाला डबा. बिराजदारनं डबा उजेडाकडं धरून वाचलं, "चिरंजीव बसवंत यास आत्याकडून सप्रेम." त्यानं डबा हळूच खाली ठेवला. "अरे, एका माणसाला किती बारशी केली रे तुझ्या आत्यानं?"

बाकावरचे हसले. भीमाला वाटलं, जमीन फाटावी. पण हसण्याचं दुःख नव्हतं, ते आयुष्यभर ऐकलेलं होतं. दुःख हे, की घड्याळ पुढं चाललं होतं आणि माय ओट्यावर होती.

बिराजदार आता हसत नव्हता. "हे बघ बाबा. पोलिसानं पकडल्यावर नाव-पत्ता विचारला तर तो सांगावा लागतो. न्हाई सांगितला, खोटा सांगितला, तर तेवढ्यासाठीबी आत घेता येतं. जुन्या कायद्यातबी होतं, नव्यातबी हाय. खरं नाव-पत्ता कळला की सोडतो. कळलाच न्हाई, तर चोवीस तासांच्या आत कोर्टापुढं उभा करतो. आता शेवटचं विचारतो. खरं नाव काय?"

भीमानं ठरवलं. आता खरंच सांगायचं. ओठ मिटले. मान ताणली. भ... काही येईना. त्याच्याजवळ एक जुनी युक्ती होती. कुणापुढं बोलताना एकाच जागी त्याचा ‘भ’ कधी अडला नव्हता, ‘जय भीम’ म्हणताना. लहानपणापासून, विहारात, रस्त्यात, फोनवर, ‘जय’ म्हटलं की मागोमाग ‘भीम’ आपोआप यायचा. म्हणून लांबून धावत येऊन नाली ओलांडावी तशी त्यानं धाव घेतली. ‘जय भीम’ म्हणायचं आणि त्याच दमात शेवटी ‘आ’ जोडायचा.

"जय भीम!" तो खणखणीत बोलला. ‘आ’ राहून गेला.

बिराजदार चमकला, पण हात जोडून म्हणाला, "जय भीम, जय भीम. आता नाव सांग."

भीमानं डोकं हलवलं. तसं नाही, तसं नाही! पुन्हा श्वास घेतला. "जय भीम!"

"अरे, झालं की जय भीम! मी उत्तर दिलं न्हाई का? नाव सांग!"

"जय भीम..." आता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"साहेब, घोषणा द्यायलाय त्यो," शिपाई म्हणाला. "मस्ती आलीय."

मस्ती! भीमानं टेबलावरचा पेन ओढून घेतला आणि कागदाच्या कोपऱ्यावर लिहिलं, ‘भीमा मारोती सोनकांबळे’. अक्षर काय सुरेख, ओळीनं मोती मांडल्यासारखं. खाली लिहिलं, ‘माय डोळ्याच्या दवाखान्यात ओट्यावर एकटी आहे.’ बिराजदारनं ते वाचलं, टेबलावर चारही बोटं आपटली. "हे चौथं. मी बी लिहितो कागदावर, राजा हरिश्चंद्र. खरं मानशील? कार्ड दाखव." कार्ड मायच्या पिशवीत होतं, आणि पेन बिराजदारनं काढून घेतला होता. ते सांगायला ‘कार्ड मायकडं’ एवढंच म्हणायचं होतं, पण आता सगळीच अक्षरं त्याच्यावर रुसून बसली होती. त्याला बाकावर नेऊन बसवलं.

बाकावर बसला तो नावालाच. उठायचा, बसायचा, दाराकडं बघायचा, शिपाई डाफरला की पुन्हा बसायचा. माय पाणी मागेल कुणाला? ती कुणाला काही मागत नाही. ती उठेल. उठून ‘भीमा, भीमा’ करत भिंत शोधेल. तिथं भिंत नाही. स्वतःचा त्याला असा राग आला की मांडीवर मुठी मारून घेतल्या. काय अडलं होतं मेल्या, पहिल्यांदाच खरं नाव सांगायला? लागला असता वेळ, लागला असता! हसले असते! आनंदराज म्हणे! एका खोट्या नावानं होणारी बायको गेली, आता दुसऱ्या वेळी माय घालवतोस का?

मग त्याचं बोट आपोआप बाकाच्या फळीवर फिरायला लागलं. घर्रर्र, असा मशीनचा आवाज तोंडातल्या तोंडात काढत त्यानं फळीवर ‘भी’ काढला. ओठांतून ‘भी’ निघाला. ‘मा’ काढला. ‘मा’ निघाला. तो दचकला. पुन्हा काढलं. भी, मा. भी, मा. अक्षर बोटाखाली, अक्षर ओठांवर. दुसऱ्यांची नावं पुटपुटताना कधी अडत नाही, मग आपलंही दुसऱ्याचं समजून टाकायचं! हे आधी कसं सुचलं नाही? तो खुळ्यासारखा फळीवर बोट फिरवत राहिला.

"काय रे, काय लिहायलास?" हवालदार गौरम्मा त्याच्यापुढं येऊन उभी होती. उदगीरकडची, पोक्त बाई, मघापासून कोपऱ्यातून सगळं बघत होती. तिची नजर त्याच्या शर्टाच्या खिशातून डोकावणाऱ्या बाटलीवर गेली. तिनं बाटली आणि बिल काढून घेतलं. बिलावर लिहिलं होतं, पार्वतीबाई सोनकांबळे.

"ही कोण?"

"माय." एकच अक्षरजोडी, पण ती नीट निघाली.

"पट्टी हाय डोळ्याला?"

भीमानं मान हलवली, आणि आता मात्र त्याला रडू आवरेना. गौरम्मा वळली, "साहेब, दवाखाना हितनं लई लांब न्हाई. मी जाऊन येते. म्हातारी असंल तर असंल, नसंल तर ह्येला काय करायचं ते करा."

"जा. पण नुसतं तुमचं ऐकून सोडायचो न्हाई. मला फोनवर बोलू द्या त्या बाईसंगट," बिराजदार म्हणाला.

गौरम्मा गेली. तेवढ्या वेळात भीमानं फळीवर स्वतःचं नाव किती वेळा टाकलं, ते त्याचं त्याला ठाऊक. बोटाचं टोक लाल झालं. आणि मग बिराजदारचा मोबाइल वाजला. त्यानं तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि भीमाला जवळ बोलावलं.

"साहेब, म्हातारी हाय," गौरम्माचा आवाज आला. "ओट्यावरून उतरली होती. रस्त्याच्या कडंला आलती, पानवाल्यानं धरून बसवलीय. कुणावर इश्वास ठेवंना. पिशवीला हात लावू देईना. घ्या, बोला."

भीमानं टेबलाची कड घट्ट धरली.

"आजी, मी फौजदार बोलतोय. तुमच्या पोराचं नाव काय?"

"भीमा," माय म्हणाली. आवाज कापत होता, पण नाव ठाम होतं. "कुठं हाय माझं पोरगं? काय केलं त्येला?"

"काही केलं न्हाई. हितं एक माणूस हाय. कधी आनंदराज म्हणतो, कधी वैजनाथ म्हणतो."

"त्यो कोण मेला वैजनाथ? माझ्या पोटी एकच हाय. भीमा."

शेवटी ते तिच्या कानावर गेलंच. पण आता भीमाला त्याची लाज वाटायला सवड नव्हती. बिराजदारनं त्याच्याकडं बघून हात केला, बोल. भीमानं बोट टेबलावर टेकवलं. घर्रर्र. आणि बोट फिरवत, एकदाही न थांबता, तो बोलला, "मी भीमा मारोती सोनकांबळे."

आला! अख्खा आला! जन्मात पहिल्यांदा. बिराजदारसुद्धा खुर्चीत सरळ बसला. भीमाच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, त्याला वाटलं, ऐक माय, ऐक!

पलीकडून मायचा आवाज आला, एकदम कडक. "ह्यो माझा भीमा न्हाई."

"आजी, नीट ऐका—"

"नीटच ऐकलं. माझा भीमा असा एका दमात नाव सांगत न्हाई. जलमात सांगितलं न्हाई त्येनं. कुणाला उभा केलाय तुमी? माझं लेकरू कुठं हाय? बाई, सोडा माझा हात, मी जाते हुडकायला—"

"आजी, बसा! बसा म्हणते ना!" गौरम्मा ओरडली. मागं ट्रकचा हॉर्न कर्कश वाजला.

भीमाचं टेबलावरचं बोट निसटलं. माय रस्त्याकडं निघाली होती. तो मोबाइलवर वाकला आणि त्याच्या तोंडून बाहेर पडलं, "भ... भ..." ओठ मिटले. मान ताणली. शीर टरारली. "भ... भी... भ..." शिपाई हसायच्या बेतात होता, बिराजदारनं डोळे वटारले तसा तो थांबला. कुणी भास्कर म्हटलं नाही, कुणी भानुदास म्हटलं नाही. "भ... भी... मा. म... माय, ब... बस. हलू नको."

पलीकडून आधी एक मोठा श्वास ऐकू आला. मग माय रडायलाच लागली. "ह्यो हाय! ह्योच हाय माझा! बाई, ह्योच! आरं, कुठं मेलतास रे? आलोच म्हणून गेलतास ना?"

बिराजदारनं मोबाइल हातात घेतला. मग गौरम्माला म्हणाला, "तिला पाणी पाजा. पिशवीतलं कार्डबी बघून घ्या, म्हणजे झालं." गौरम्मानं वाचून सांगितलं, कार्डावर भीमाच होता, तोही मारोतीचा. बिराजदारनं आनंदराज खोडला आणि कोऱ्या ओळीवर पेन टेकवून विचारलं, "हां. नाव?" कार्डावरून त्याला कळलं होतं, तरी त्यानं विचारलं आणि पेन तसाच धरून तो थांबला. भीमाला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. मग सही झाली.

गाडीवरून नेऊन सोडतो म्हणाले, पण भीमा थांबला नाही, पळतच सुटला. मशीन पाठीवर आपटत होती, डबा खडखडत होता. दवाखान्याच्या ओट्यावर माय बसलेली त्याला लांबून दिसली. पट्टीखाली गाल ओले, पातळाला धूळ, हातात पिशवी घट्ट. शेजारी गौरम्मा. तो पुढं जाऊन उभा राहिला. छाती भात्यासारखी हलत होती.

"कोण हाय?" माय म्हणाली.

एरवी तो ‘मी’ म्हणायचा. चाळीस वर्षं दारात येऊन तो ‘मी’च म्हणत आला होता. आज त्यानं ओठ मिटले. "भ... भ..."

गौरम्माला राहवलं नाही, ती सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मायनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "थांबा बाई. सांगू द्या त्येला."

भाजीचा गाडा गेला, एक रिक्षा गेली. माय पट्टी बांधलेलं तोंड वर करून थांबली होती.

"भीमा," तो म्हणाला.

"आन त्यो वैजनाथ?"

भीमा खाली बसला. मायचा हात हातात घेतला. "त्यो गेला, माय."

"बरं झालं," माय म्हणाली आणि त्याच्या खांद्याला धरून उठली. "चल, नांदेडची बस सुटंल."